गोल्फचे गायरान

तेलगावकडून निघालेली एस.टी. बालाघाटाच्या डोंगरातील नागमोडी वळणे एकामागून एक मागे टाकीत धारूरच्या घाटमाथ्यावर येते, तेव्हा ज्या किल्ल्यामुळे या गावाला लोक नुसते धारूर न म्हणता अजूनही ‘किल्ले धारूर’ म्हणतात त्याची तटबंदी दिसण्यापूर्वीच प्रवाशाची नजर खिळते ती सीताफळीच्या झुडपांनी आणि दिवाळीनंतर पिवळ्या पडू लागलेल्या गवताने झाकलेल्या उघड्या माळावर. या माळावर शेळ्या चरत असतात, एखादा म्हातारा गुराखी काठीवर हनुवटी टेकून उभा असतो, आणि शाळेला दांडी मारलेली चार-सहा पोरे जमिनीत गल खणून विटीदांडूचा डाव मांडून बसलेली असतात. अशा ठिकाणी उभे राहून गोल्फ या खेळाविषयी लिहिण्याचे मनात आणणे हा प्रथमदर्शनी विक्षिप्तपणा वाटेल, आणि वाचकाने तसे म्हटल्यास मी त्याच्याशी हुज्जत घालणार नाही. कारण धारूरला गोल्फचे मैदान नाही, कधी नव्हते, आणि ज्या तालुक्यातील हजारो माणसे दरवर्षी कोयते घेऊन ऊसतोडीसाठी घरदार सोडतात तेथे ते व्हावे अशी कुणाची इच्छाही नसेल.

परंतु गोल्फचा जन्म बंगल्यांच्या वस्तीत झाला नाही, तो अशाच एका गावाच्या गायरानात झाला, आणि त्या गायरानाची मालकी कोणाची हा तंटा तेथे साडेतीनशे वर्षे चालला, ही हकीकत आपल्याकडे फारशी कोणी सांगत नाही. वस्तुतः गोल्फ म्हणजे तरी काय? एका काठीने चेंडू मारीत मारीत, मध्ये येणारे खाचखळगे, वाळू आणि गवत चुकवीत, तो सव्वाचार इंच रुंदीच्या गलीत नेऊन टाकायचा, आणि हे कमीत कमी फटक्यांत साधायचे. ज्याने लहानपणी गोट्या आणि विटीदांडू हे दोन खेळ मन लावून खेळले आहेत त्याला तिसरा खेळ समजावून सांगण्याची गरज पडत नाही. फरक आहे तो जमिनीचा. विटीदांडूला गावठाणातला एक कोपरा पुरतो. अठरा गलींच्या गोल्फला सव्वाशे-दीडशे एकर लागतात, आणि इतकी जमीन आली की तिच्यामागून सनद, इजारा, भाडेपट्टा, दावा आणि फिर्याद ही सगळी मंडळी रांगेने येतात.

जमिनीसाठी काय काय घडते हे धारूरला शिकवावे लागत नाही. सोळाव्या शतकाच्या उत्तरार्धात आदिलशाही सरदार किश्वरखान याने निजामशाही मुलुखाच्या उंबरठ्यावर हा किल्ला उभा केला, आणि मूर्तजा निजामशहाने तो लगोलग हिसकावून घेतला. त्या झटापटीत किश्वरखान मारला गेला आणि विजयाची खूण म्हणून गावाला फतेहाबाद हे नाव मिळाले. पुढे १६३१ मध्ये मोगलांचा आझमखान येथे आला, तेव्हा दख्खनेत भीषण दुष्काळ पडलेला होता आणि माणसांना धान्य नाही तेथे घोड्यांना वैरण कोठून मिळणार अशी अवस्था होती. किल्ल्याच्या तीन अंगांना खोल दरी आणि गावाच्या बाजूला खंदक. ज्याच्या हाती किल्ला त्याच्या हाती घाट, आणि ज्याच्या हाती घाट त्याच्या हाती भोवतालचे गवत आणि पाणी, हा त्या काळचा हिशेब.

आता स्कॉटलंडला जाऊ. समुद्र मागे हटला की किनाऱ्याला वाळूच्या टेकड्यांची एक पट्टी उरते, जिच्यावर पीक येत नाही, फक्त राठ गवत आणि काटेरी झुडपे वाढतात. तिला तेथे ‘लिंक्स’ म्हणतात. नांगराला निरुपयोगी म्हणून ती गावकीची राहिली. सेंट अँड्र्यूज या गावच्या लिंक्सवर लोक मेंढरे चारीत, धुतलेले कपडे वाळत घालीत, धनुर्विद्येचा सराव करीत आणि काठीने चेंडू बदडीत. हा चेंडूचा नाद इतका वाढला की १४५७ मध्ये तेथील राजसत्तेने, लोक तिरंदाजी विसरत चालले म्हणून, गोल्फ आणि फुटबॉल या दोहोंवर बंदी घातली. ती कोणी मानली असे दिसत नाही. पुढे १५५२ च्या सुमारास तेथील आर्चबिशप हॅमिल्टन याला लिंक्सवर ससे पाळावयाचे होते. त्यासाठी गावाशी जो करारनामा झाला त्यात ससे धर्मगुरूचे, परंतु गोल्फ, फुटबॉल, नेमबाजी आणि इतर सर्व खेळ खेळण्याचा हक्क पूर्वापार गावकऱ्यांचाच, असे स्पष्ट लिहून घेण्यात आले. आपल्याकडच्या भाषेत सांगायचे तर वहिवाटीला सनदेची जोड मिळाली.

या सनदेची कसोटी अडीचशे वर्षांनी लागली. अठराव्या शतकाच्या अखेरीस गावची नगरपालिका कर्जात बुडाली, आणि कर्जात बुडालेल्या माणसाची नजर जशी सर्वप्रथम बांधावरच्या झाडाकडे जाते तशी तिची नजर लिंक्सकडे गेली. १७९७ ते १७९९ या दोन वर्षांत ती जमीन गहाणवटीच्या आणि विक्रीच्या फेऱ्यातून डेम्पस्टर नावाच्या व्यापारी पितापुत्रांच्या हाती पोहोचली, आणि त्यांनी तिच्यावर मांसासाठी व कातड्यांसाठी सशांची पैदास आरंभिली. सशांनी मैदान पोखरून काढले. त्यानंतर वीस-एकवीस वर्षे गोल्फवाले आणि ससेवाले यांच्यात न्यायालयात जसे दावे चालले तसे प्रत्यक्ष मैदानावर दंडुकेही चालले, ससे मारण्याचा हक्क गावकऱ्यांना आहे की नाही यावर विद्वान वकिलांनी भाषणे केली, आणि शेवटी १८२१ मध्ये शेजारच्या इस्टेटीचा मालक जेम्स चीप याने ती जमीन विकत घेऊन खेळासाठी मोकळी केली. परंतु खासगी उदारपणा हा कायमचा बंदोबस्त नव्हे हे गाव विसरले नव्हते. १८९४ मध्ये ब्रिटिश पार्लमेंटने खास कायदा करून लिंक्स नगरपालिकेला परत मिळवून दिल्या, आणि १९७४ मध्ये दुसऱ्या कायद्याने त्यांच्या देखभालीसाठी एक विश्वस्त मंडळ नेमले.

परिणाम असा की जगातील सर्वांत प्रसिद्ध गोल्फमैदान, ज्याला नुसते ‘ओल्ड कोर्स’ म्हटले तरी पुरते, ते आजही सार्वजनिक आहे. शेजारच्या दगडी इमारतीत बसणारा १७५४ सालचा ख्यातनाम क्लब त्या मैदानाचा मालक नाही. इतर क्लबांसारखाच तोही तेथे खेळणारा. गावकरी अल्पशा वार्षिक वर्गणीत खेळतात, परक्यांपैकी पुष्कळांची पाळी सोडतीने लागते. पहिल्या आणि अठराव्या गलीच्या पट्ट्यांना छेदून गावाचा एक जुना रस्ता समुद्राकडे जातो. आपल्याकडे एखाद्याच्या शेतातून गाडवाट जाते आणि शेतमालकाला ती नांगरता येत नाही, तसा हा रस्ता आहे, आणि जगज्जेता खेळाडू फटका मारण्यासाठी काठी उगारून उभा असला तरी बाबागाडी ढकलीत जाणारी बाई आधी पलीकडे जाते. रविवारी ओल्ड कोर्सवर खेळ बंद असतो. त्या दिवशी लोक कुत्री फिरवायला येतात, मुले वाळूच्या खड्ड्यांत घसरगुंडी खेळतात. मला विचाराल तर गोल्फच्या सबंध इतिहासात या रविवारइतकी रम्य गोष्ट दुसरी नाही.

एडिंबरोने १८८९ मध्ये ब्रेड हिल्स ही टेकडी लोकांच्या गोल्फसाठी विकत घेतली, न्यूयॉर्कने १८९५ मध्ये व्हॅन कोर्टलँड उद्यानात अमेरिकेतील पहिले नगरपालिकेचे मैदान काढले. या गोष्टी ओळीने सांगण्यात विशेष स्वारस्य नाही. खेळ श्रीमंतांचा झाला तो नंतर, आणि गंमत अशी की तो तसा होण्यात आपल्या देशाचा हात मोठा आहे.

ब्रिटनच्या बाहेरचा सर्वांत जुना गोल्फ क्लब १८२९ सालचा, कलकत्त्याचा. मुंबईचा क्लब १८४२ चा, आणि त्याने १८४५ मध्ये सेंट अँड्र्यूजला भेट दिलेले रौप्यपदक ‘बॉम्बे मेडल’ याच नावाने आजही तेथील वसंत ऋतूतल्या स्पर्धेत दुसऱ्या क्रमांकाच्या खेळाडूला दिले जाते. त्या काळच्या मुंबईत असे मैदानी खेळ खेळण्यास मोठी मोकळी जागा एकच होती: किल्ल्याच्या तटाबाहेर, शत्रू आल्यास तोफांना मारा करता यावा म्हणून मुद्दाम उघडा ठेवलेला एस्प्लनेडचा पट्टा. आजचे आझाद मैदान, क्रॉस मैदान, ओव्हल आणि कूपरेज ही त्याचीच शकले. म्हणजे मुंबईला मोकळी हवा मिळाली ती तोफांच्या कृपेने; १८६० नंतर तट पाडले गेले, तोफा गेल्या, आणि मैदानावर प्रश्न उभा राहिला की आता ही जागा कोणाची.

या प्रश्नाचा पहिला झगडा गोल्फवरून झाला नाही, पोलोवरून झाला. पण तो येथे सांगितल्यावाचून पुढे जाता येत नाही. १८७५ मध्ये स्थापन झालेल्या बॉम्बे जिमखान्यात फक्त युरोपियनांना प्रवेश होता, आणि त्याचे सभासद मैदानाच्या ज्या भागावर घोडे नाचवीत पोलो खेळत त्याच भागावर पारशी आणि हिंदू पोरे क्रिकेट खेळत. घोड्यांच्या टापांनी जमीन अशी उखडली जाई की तीवर टप्पा पडलेला चेंडू कोठे जाईल ते गोलंदाजालाही सांगता येऊ नये. १८८१ पासून देशी खेळाडूंनी सरकारकडे अर्जांवर अर्ज केले. एकदा निकाल बाजूने लागला, मग फिरला, पुन्हा अर्ज झाले. शापूरजी सोराबजी या पारशी गृहस्थाने १८९७ मध्ये या सबंध लढ्याचा वृत्तांत पुस्तकरूपाने प्रसिद्ध केला. सरकारने काढलेली तोड नमुनेदार होती: समुद्रकिनाऱ्याला केनेडी सी-फेसवर भराव घातलेल्या जागेत १८८७ मध्ये पारशांना, १८९२ मध्ये मुसलमानांना आणि १८९४ मध्ये हिंदूंना निरनिराळे जिमखाने काढू दिले. सार्वजनिक मैदानाचा दावा अशा रीतीने जातवार वाटण्या होऊन मिटला, आणि ज्यांनी एकत्र अर्ज केले होते ते आपापल्या कुंपणात गेले.

कुंपणाची ही रीत गोल्फने पुरतेपणी उचलली. त्यातल्या त्यात उदार प्रयत्न १९१८ चा. गव्हर्नर लॉर्ड विलिंग्डन यांच्या नावाचा जो क्लब ताडदेवच्या बाजूला निघाला त्यात युरोपियन आणि हिंदी या दोघांनाही प्रवेश होता, अर्थात हिंदी म्हणजे राजेरजवाडे, बॅरिस्टर आणि गिरणीमालक. चेंबूरचा बॉम्बे प्रेसिडेन्सी गोल्फ क्लब १९२७ मध्ये निघाला. साल ओळखीचे वाटले असेल. त्याच वर्षी मार्च महिन्याच्या २० तारखेला महाडच्या चवदार तळ्यावर डॉ. बाबासाहेब आंबेडकर ओंजळभर पाणी प्याले. या दोन घटनांचा परस्परांशी काडीचा संबंध नाही. तरीही ‘सार्वजनिक’ हा शब्द कसा फसवा आहे याचे दाखले देताना मला दुसरी आठवल्यावाचून राहत नाही. तळे नगरपालिकेचे होते. मुंबईच्या कायदेमंडळात बोले यांनी मांडलेल्या १९२३ च्या ठरावाने सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले झाले होते, आणि महाडच्या नगरपालिकेने ते तळे खुले केल्याचा ठरावही केला होता. कागद पुरा होता. पाय मात्र कोणा अस्पृश्याचा पडला नव्हता, आणि पडला तेव्हा डोकी फुटली. हायकोर्टाचा अखेरचा निकाल लागण्यास १९३७ उजाडले. अमेरिकेतील अटलांटा शहराची गोल्फमैदानेही अशीच सर्वांच्या करातून चालत, पण काळ्या माणसाला त्यांवर मज्जाव होता. होम्स नावाच्या एका डॉक्टरने आणि त्याच्या मुलांनी शहरावर फिर्याद केली आणि १९५५ मध्ये तेथील सर्वोच्च न्यायालयाने तो मज्जाव उठविला. सेंट अँड्र्यूजला सनद आणि वहिवाट या दोन्ही गोष्टी सतत हातात हात घालून राहिल्या म्हणून मैदान वाचले. महाडला आणि अटलांटाला वहिवाट नव्याने पाडावी लागली.

कागद असूनही मैदान हातचे कसे जाते याचे उदाहरण दिल्लीत आहे. लाल बंगल्यासारख्या मोगलकालीन कबरी ज्याच्या हिरवळीत उभ्या आहेत ते दिल्लीचे नामांकित गोल्फमैदान १९३० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत नगरपालिकेचे मैदान म्हणून सुरू झाले होते. २४ फेब्रुवारी १९५० रोजी, म्हणजे प्रजासत्ताक होऊन महिनाही लोटला नव्हता तोच, ते एका क्लबाच्या स्वाधीन झाले. जमीन सरकारची, भाडेपट्टा क्लबाचा, आणि सभासदत्वासाठी दशकानुदशके ताटकळावे लागते ही गोष्ट त्या शहरात सर्वश्रुत. निष्पक्षपातीपणाने हेही नोंदविले पाहिजे की क्लबाने त्या हिरवळीवर इमारती उठू दिल्या नाहीत, आणि राजधानीच्या मध्यभागी मोर नाचतात त्याचे श्रेय काही अंशी त्या कुंपणाला आहे. पण जे मैदान एकदा लोकांचे होते ते हातचे गेल्यावर पन्नास वर्षांनी, २००० साली, दिल्ली विकास प्राधिकरणाला लाडोसरायला कुतुबमिनाराच्या सावलीत नवे सार्वजनिक मैदान बांधावे लागले, आणि देशातील पहिले सार्वजनिक गोल्फमैदान म्हणून त्याचा गौरव झाला. पहिले म्हणताना १९३० चे कोणाला स्मरण झाले नाही.

महाराष्ट्राची पाळी २०१२ मध्ये आली. सिडकोने खारघरच्या डोंगराच्या पायथ्याशी, पांडवकड्याच्या धबधब्याच्या परिसरात, सुमारे १०३ हेक्टरांवर एक मैदान काढले. सभासद नसलेल्या माणसानेही फी भरावी आणि खेळावे ही त्याची अट, आणि राज्यातील या प्रकारचे हे पहिलेच मैदान. प्रारंभी गली अकराच होत्या. कल्पना चांगली आहे, आणि मुंबईच्या भोवती जेथे रिकामी दिसेल त्या जमिनीवर मजल्यांवर मजले चढतात तेथे १०३ हेक्टर हिरवे राहिले हा लहानसहान लाभ नव्हे. तथापि सार्वजनिक या शब्दाची येथेही एक आतली बाजू आहे. नवी मुंबईसाठी ९५ गावांच्या जमिनी संपादित झाल्या. त्यांत आगरी-कोळ्यांची भातशेती होती, मिठागरे होती, गावांची गुरचरणेही होती. योग्य मोबदल्यासाठी दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली जो लढा झाला त्यात १६ आणि १७ जानेवारी १९८४ रोजी जासई-दास्तान परिसरात गोळीबार होऊन पाच जण मृत्युमुखी पडले, आणि त्यानंतर संपादित जमिनीच्या साडेबारा टक्के इतकी विकसित जमीन मूळ मालकांना देण्याची योजना आली. ज्यांच्या वाडवडिलांची गुरे त्या डोंगरपायथ्याला चरत होती त्यांच्या नातवाला आता तेथे पाऊल टाकण्यास फी भरावी लागते. फी भरून का होईना, फाटक उघडते हे खरे. मुंबईच्या इतर गोल्फ क्लबांचे तेही उघडत नाही.

महालक्ष्मीच्या शर्यतीच्या मैदानाची गोष्ट याहून ताजी आहे. ते मैदान घोड्यांचे, गोल्फचे नव्हे; पण शहरातील मोठी हिरवी जमीन, जुना भाडेपट्टा आणि मर्यादित सभासदांचा क्लब हे त्रैराशिक तेच. पट्ट्याची मुदत २०१३ मध्ये संपली आणि त्यानंतर दहा-अकरा वर्षे नुसता खल चालला. २०२४ मध्ये जो करार झाला त्यान्वये सुमारे २११ एकरांपैकी १२० एकर सार्वजनिक उद्यानासाठी महापालिकेकडे आले आणि ९१ एकर क्लबाकडे राहिले. १२० एकरांचे उद्यान हे शब्द ऐकावयास गोड आहेत. त्या उद्यानाखाली काय बांधणार, वर काय बांधणार आणि प्रवेशद्वाराशी कोणती पाटी लागणार याकडे मुंबईकरांनी डोळ्यांत तेल घालून पाहावे, इतकेच धारूरच्या बाजूने सांगण्यासारखे आहे.

मैदानाचे जतन म्हणजे नेमके कशाचे जतन, हाही प्रश्न दिसतो तितका सरळ नाही. सॅनफ्रान्सिस्को शहराच्या मालकीचे शार्प पार्क नावाचे समुद्रकाठचे मैदान अ‍ॅलिस्टर मॅकेन्झी या नामांकित रचनाकाराने आखले आणि १९३२ मध्ये ते खुले झाले. स्वस्तात खेळता येते म्हणून सामान्य लोकांचे ते लाडके. त्याच मैदानाच्या पाणथळीत लाल पायांचा एक दुर्मीळ बेडूक आणि त्याला खाणारा एक दुर्मीळ साप वस्तीला आहेत, म्हणून निसर्गप्रेमींनी मैदान बंद करावे असा दावा लावला आणि गोल्फवाल्यांनी, हे मैदान हाच एक वारसा आहे, असा बचाव केला. तिकडे हैदराबादेत, जिच्या अमलाखाली धारूर १९४८ पर्यंत होते त्या रियासतीच्या राजधानीत, गोवळकोंड्याच्या नया किल्ल्यात गोल्फचे मैदान झाले. ज्या आवारात कुतुबशाही बागेचे अवशेष आहेत आणि ‘हत्तियान का झाड’ या नावाने ओळखला जाणारा गोरखचिंचेचा अजस्र वृक्ष उभा आहे, तेथे हिरवळ अंथरण्यास वारसाप्रेमींनी कडाडून आक्षेप घेतला. बेडकाच्या तंट्यात मी कोणत्या बाजूचा हे सांगणे कठीण. नया किल्ल्याच्या तंट्यात मात्र मी निःसंशय जुन्या बागेच्या बाजूचा आहे. किल्ला ही खेळाची जागा नव्हे. धारूरच्या तटाखाली कोणी उद्या ‘पर्यटन विकासा’च्या नावाने हिरवा गालिचा पसरू म्हणाला तर त्याला तेथूनच परत पाठवावे.

पाण्याचा मुद्दा तर उघड आहे. ज्या मराठवाड्यात २०१६ च्या एप्रिलमध्ये लातूरला मिरजेहून आगगाडीने पाणी आणावे लागले तेथे खेळासाठी गवत भिजविणे हे पाप होईल. गोल्फला हिरवळच लागते असे मात्र नाही, आणि हेही आपल्याच देशाने दाखविले आहे. कोरड्या मुलुखातील छोट्या छावण्यांतून इंग्रजी अंमलदार गलीभोवती हिरवळीऐवजी तेल घालून चोपलेल्या वाळूचे गोल करून त्यावर खेळत. त्यांना ‘ग्रीन’ म्हणण्याऐवजी ‘ब्राऊन’ म्हणत. मूळ स्कॉटलंडातही गवत कापण्यास यंत्र नव्हते, मेंढरे होती. त्यांनी वाऱ्यापासून आडोशाला बसण्यासाठी जे खळगे केले तेच पुढे वाळूचे ‘बंकर’ झाले असे सांगतात. बालाघाटावरच्या शेळ्यांना ही कामगिरी मुळीच अवघड नाही.

आणि आता पुन्हा त्या शेळ्यांकडे वळणे भाग आहे. धारूरच्या भोवतालच्या गावांना गायराने आहेत. निजामी अमलात १३१७ फसलीच्या जमीन महसूल कायद्याचा अंमल होता. आता १९६६ च्या महाराष्ट्र जमीन महसूल संहितेचे कलम २२ गावच्या गुरांना मोफत चराईसाठी जमीन राखून ठेवण्याचा अधिकार देते, आणि सात-बाऱ्यावर मालकाच्या जागी ‘सरकार’ आणि ‘गायरान’ हे शब्द लिहिलेले असतात. दुष्काळात चारा छावणी पडते ती येथे, गुरांचा बाजार आणि जत्रेतील कुस्त्यांचा फड भरतो तोही पुष्कळ ठिकाणी येथेच. परंतु दसरा-दिवाळी झाली की तालुक्यातील बैलगाड्या पश्चिम महाराष्ट्राच्या आणि कर्नाटकाच्या साखर कारखान्यांची वाट धरतात. माणसे जातात, बैल जातात, आणि सहा महिने गायरानावर पाय ठेवणारे थोडेच उरतात. वहिवाट तुटते ती अशा महिन्यांत.

गायरानाचा कैवार घेताना मात्र एक गोष्ट दडवून चालणार नाही. मराठवाड्यात गायरान नांगरणारा प्रत्येक माणूस लुटारू नव्हता. ज्यांना गावाने कधी बिघाभर जमीन दिली नाही त्या दलित भूमिहीनांनी पोटासाठी पडीक गायराने कसली; दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली १९६४-६५ च्या सत्याग्रहात असंख्य भूमिहीन तुरुंगात गेले, आणि पुढे सरकारने १४ एप्रिल १९९० पूर्वीची अशी अतिक्रमणे नियमित करण्याचा निर्णय घेतला. ज्या गावात विहीर सार्वजनिक नव्हती त्या गावाचे गायरान तेवढे सार्वजनिक होते असे म्हणणे धारिष्ट्याचे होईल. सर्वोच्च न्यायालयाने २८ जानेवारी २०११ रोजी जगपालसिंग प्रकरणात गावांच्या सामायिक जमिनींवरील अतिक्रमणे हटविण्याचा आदेश सर्व राज्यांना दिला, तेव्हा त्याच निकालात भूमिहीन मजूर आणि अनुसूचित जाती-जमाती यांना दिलेल्या पट्ट्यांचा अपवाद राखून ठेवला, आणि तो योग्यच होता. चार पायल्या ज्वारीसाठी नांगरलेले गायरान आणि रस्त्याच्या कडेला दुकानांचे गाळे पाडून गिळलेले गायरान या दोन गोष्टी एका तागडीत घालणारा न्याय मला मान्य नाही.

सेंट अँड्र्यूजच्या गावकऱ्यांना आपल्या लिंक्सचा १५५२ चा कागद कोठे आहे ते ठाऊक होते, म्हणून ससेवाल्यांशी त्यांना भांडता आले. धारूर तालुक्यातील वाचकांना माझी विनंती आहे की ऊसतोडीच्या गाड्या निघण्यापूर्वी एखाद्या सकाळी तलाठ्याच्या सज्जावर जावे, आपल्या गावच्या गायरानाचा गट नंबर आणि क्षेत्र विचारावे, आणि गाव नमुना १-ई पाहावयास मागावा. अतिक्रमणांची नोंदवही ती हीच.